स्टिअरिंगला घरी हात लावावा का?

गाडीचं ऑइल घरी बदललं, एअर फिल्टर झटकला, बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा फुलोरा गरम पाण्यानं धुतला, तर घरातली माणसं कौतुकच करतात. पण ‘टायरॉड एंड घरीच बदलतो’ म्हटलं की दोन तट पडतात. हिंगोली जिल्ह्यात हा वाद नवा नाही. अकोला-नांदेड महामार्ग सोडला की गाडी गावरस्त्याला लागते आणि गावरस्ता सोडला की पाणंदीत शिरते. काळ्या मातीचा चिखल चाकाच्या आतल्या बाजूनं थापला जातो, वाळून कडक होतो, पुन्हा भिजतो. स्टिअरिंगच्या सांध्यांवरचे रबरी बूट त्यातच चिरतात. एकदा बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि माती आत. पुढचं काम माती करते.

खाली जे दोघे भांडताहेत त्यांना नावं नाहीत. असे मामा-भाचे कळमनुरीत, वसमतला, सेनगावात कुठंही भेटतील. मामा एसटीच्या कार्यशाळेत हयात घालवून निवृत्त झालेले. भाचा पदवीधर, हळद करतो आणि एमएच ३८ पाटीची एक जुनी मारुती ८०० जिवापाड जपतो. तिला पंधरा वर्षं होत आलीत, फेरनोंदणी करायची आहे, त्यासाठी ती परिवहन कार्यालयात दाखवावी लागणार. हळद शिजवून वाळत पडलेली, म्हणून हाताला उसंत आहे. मी मध्ये बसून ऐकणारा, आणि जमेल तिथं नाक खुपसणारा.

मामा : खाली घुसून काय करायलास?

भाचा : उजवीकडचा टायरॉड एंड गेलाय मामा. बूट फाटलाय, प्ले आलाय. नवा आणलाय, बदलून टाकतो.

मामा : ‘बदलून टाकतो’ म्हणे! बल्ब आहे का तो? इंजिन बंद पडलं तर गाडी उभी राहते. क्लच गेला तर ढकलत आणता येते. हा सांधा सुटला तर चाक त्याला वाटेल तिकडं वळतं, आणि समोरून उसाची ट्रॉली येतेय का शाळेची पोरं, ते चाक बघत नाही.

भाचा : म्हणूनच तर बदलतोय. तसाच फिरत राहिलो तर सुटेलच ना? आणि गॅरेजात तरी वेगळं काय होतं? उस्ताद चहाला जातो, शिकाऊ पोरगं हातोडा हाणतं, नट आवळतं आणि ‘झालं साहेब’ म्हणतं. पिन घातली का, हे कोण बघतं? मी निदान बघून घालीन.

मामा : गॅरेजवाला वाईट काम करतो, म्हणून तू करशील ते चांगलं होत नाही.

हे वाक्य मला पटलं. घरी काम करणाऱ्यांचा अर्धा युक्तिवाद गॅरेजच्या निंदेवरच उभा असतो. पण मामांच्या बाजूलाही एक भोक आहे. आयटीआयमधला मोटर मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा असतो हे खरं, पण तालुक्याच्या गावात गाडीखाली घुसणारा प्रत्येक हात तिथून आलेला असतो, असं मामासुद्धा म्हणणार नाहीत.

मामा : बरं, गेला हे कशावरून ठरवलंस?

भाचा : जॅक लावून चाक उचललं. डावी-उजवीकडं धरून हलवलं, तर हललं. वर-खाली धरून हलवलं, तर नाही हललं. वर-खाली हललं असतं तर बेअरिंग नाहीतर लोअर आर्मचा बॉल जॉइंट. आडवं हललं म्हणजे टायरॉड.

मामा : आडवं हललं म्हणजे टायरॉड एंड, की रॅक एंड, की रॅकचा बुश, की रॅकच ढिली बसलेली? चार जणांवर संशय आणि तू पहिल्यालाच फाशी देतोस. उतरव गाडी खाली. चाकं जमिनीवर पाहिजेत, सांध्यावर वजन पाहिजे.

गाडी उतरली. हँडब्रेक लावला, मागच्या चाकांना दगड दिले. भाचा आत बसला आणि स्टिअरिंग बोटभर इकडं, बोटभर तिकडं असं हलवू लागला. मामा शर्ट काढून बाजूनं आडवे झाले. सांध्यावर तळहात असा ठेवला की अर्धी बोटं टायरॉडवर आणि अर्धी नकलवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर. मलाही त्यांनी हात लावायला लावला. कानाला काही ऐकू येत नव्हतं, पण बोटाखाली प्रत्येक वेळी ‘टक्’ असा बारीक धक्का लागत होता. स्टिअरिंग फिरायचं, टायरॉड सरकायचा आणि नकल एक क्षण मागं राहायचा. मग मामांनी रॅकच्या रबरी भात्यावरून आतला सांधा चाचपला. तिथं धक्का नव्हता. डावीकडचा बूट तडकलेला, पण सांधा घट्ट.

मामा : तुझा अंदाज बरोबर निघाला. पण तुझी तपासणी बरोबर नव्हती. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

हा सांधा मुळात कशासाठी आहे, ते इथं सांगायला हवं. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. दोन्ही चाकं सारख्याच कोनात वळली तर एक चाक घासणारच. घोडागाड्यांच्या जमान्यात म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनश्पेर्गर या कारागिरानं प्रत्येक चाकाला वेगळी खुंटी आणि दोन्हींना जोडणारा दांडा अशी युक्ती काढली. रुडॉल्फ आकरमान यानं १८१८ साली इंग्लंडात तिचं पेटंट घेतलं आणि नाव आकरमानचं झालं. आजही चाकाला वळवणारा टायरॉड त्याच कुळातला. त्याच्या टोकाला खांद्याच्या हाडासारखा वाटीत बसलेला गोळा असतो, म्हणून चाक खड्ड्यात वर-खाली झालं तरी दांडा अडत नाही. गोळा आणि वाटी यांच्यात ग्रीसऐवजी माती गेली की ती कानसच झाली.

भाचा : मामा, घरी दुरुस्ती करायची नाही असा काही कायदा आहे का?

मामा : माझ्या माहितीत नाही. पण सांधा कसा पाहिजे, याचा नियम आहे. परिवहनवाला साहेब तोच बघणार.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम स्टिअरिंगचा आहे. स्टिअरिंगची ढिलाई चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त नसावी, स्टिअरिंगच्या जोडणीतल्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट किंवा पिना नीट लॉक केलेल्या असाव्यात, असं तो सांगतो. सरकारी नियमानं रबराच्या टोपीची आठवण ठेवावी याचं मला अप्रूप वाटलं. यातला ३० चा आकडा मात्र फसवा आहे. लहान गाडीच्या स्टिअरिंगच्या कडेवर ३० अंश मोजले तर जवळपास दहा सेंटीमीटर भरतात. लहान गाड्यांच्या पुस्तिकांमध्ये तीच ढिलाई साधारण ३० मिलिमीटरच्या आत असावी असं लिहिलेलं असतं. म्हणजे नियमात पास झालेली गाडी पुस्तिकेत कधीच नापास झालेली असू शकते. कायदा शेवटची हद्द सांगतो. तिथवर गाडी नेऊ नये.

भाचा : चला, बोलण्यात दिवस जाईल. मी चाक काढतो.

मामा : जॅक कशावर ठेवलास?

भाचा : जमिनीवरच.

मामा : ही काळी माती आहे बाबा. वरून तडकलेली दिसते, वजन पडलं की जॅकचा पाय तिरका होऊन रुततो. खाली फळी टाक. स्टँड लाव. विटा नको, सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर मुळीच नको, ते न सांगता फुटतात. आणि काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेव. स्टँड घसरला तर गाडी चाकावर बसेल, तुझ्यावर नाही.

इथं भाचा गप्प बसला, आणि बसायलाच हवं होतं. घरी काम करणारा माणूस सांध्याचा, धाग्यांचा, पान्यांचा विचार करतो. गाडी कशावर उभी आहे हा विचार त्याला शेवटी सुचतो.

पुढचं काम दोघांनी मिळून केलं, प्रत्येक पायरीवर भांडत. आधी तारेच्या ब्रशनं धागे साफ केले, त्यावर गंज सोडवणारं तेल मारलं. टायरॉड एंडला धाग्यांवर धरून ठेवणारा चेक नट पाव फेराच ढिला केला. गंजलेली स्प्लिट पिन पकडीनं सरळ करताना एक पाय तुटला, उरलेली पंचनं ठोकून काढली. मग मुकुटासारख्या खाचांचा तो नट सोडवला. सांधा मात्र जागचा हलेना, कारण त्याची निमुळती खुंटी नकलच्या भोकात पाचर बसावी तशी बसलेली असते. भाच्यानं हातोडा उचलला आणि खुंटीच्या टोकावर नेम धरला.

मामा : थांब. तिथं मारलंस तर धागे बसतील. मारायचं ते नकलच्या कानाला, बाजूनं. पलीकडून दुसरा जड हातोडा टेकव. नट काढून टाकू नको, दोन-तीन आट्यांवर राहू दे, म्हणजे सुटला तरी तोंडावर येणार नाही.

भाचा : यासाठी पुलर मिळतो मामा. मी मागवलाय, अजून आला नाही.

मामा : मग पुलर यायची वाट बघायची होती. हत्यार नसताना सुरू केलेलं काम हातोड्यावर येतं. गॅरेजातल्या पोराला तू हेच नावं ठेवत होतास.

तिसऱ्या-चौथ्या घावाला ‘टण्’ असा आवाज झाला आणि सांधा खाली लोंबला. हातात घेतला तर गोळा वाटीत सैल फिरत होता, फाटक्या बुटातून ग्रीस आणि मातीचं काळं कालवण बाहेर येत होतं. नवा सांधा हातानं हलवताना बोटं दुखतात, जुना नुसत्या वजनानं एका बाजूला पडत होता. भाच्यानं तो घरातल्या सगळ्यांना दाखवला. माझ्या मते ते बरं झालं. गॅरेजात जुना भाग भंगाराच्या डब्यात जातो, गाडीत बसणाऱ्या माणसाला तो कधी दिसतच नाही.

यानंतरचा वाद मला सगळ्यात कामाचा वाटला.

भाचा : काढताना किती फेरे निघाले ते मी मोजलेत. तितकेच फेरे नवा बसवला की अलाइनमेंट जशीच्या तशी. पुन्हा कशाला पैसे घालायचे?

मामा : नवा आणि जुना शेजारी धर. खुंटीच्या मध्यापासून धाग्याच्या तोंडापर्यंत दोन्ही सारखे आहेत का बघ.

भाचा : एखादा मिलिमीटर फरक दिसतोय.

मामा : मग तुझे फेरे गेले वाया. फेरे मोजायचे नाहीत, चेक नटापासून खुंटीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं.

मी तिथंच कागदावर हिशेब मांडला. धाग्याची चाल दीड मिलिमीटर धरली तर एका फेऱ्यानं टायरॉड तेवढा लांब होतो. पण तो ज्या आर्मला धरतो तो जेमतेम बारा-तेरा सेंटीमीटरचा, आणि टायरचा व्यास त्याच्या चौपट. म्हणून दीड मिलिमीटरचा फरक टायरच्या पुढच्या-मागच्या कडेवर मोजला तर सहा मिलिमीटरच्या आसपास भरतो. लहान गाडीला मुभा असते ती शून्याच्या इकडंतिकडं एक-दोन मिलिमीटरची. अर्धा फेरा चुकला तरी टायर कडेनं घासू लागतो. तळहात टायरवरून आडवा फिरवला की एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं खरखरीत लागतं. मग काही महिन्यांत दोन टायर जातात आणि अलाइनमेंटचे वाचवलेले पैसे कैक पटींनी भरावे लागतात.

भाचा : दोरी लावून करता येतं की. मी व्हिडिओत बघितलंय.

मामा : येतं. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून गाडी सरळ आणता येते. पण ती मशीनवर नेईपर्यंतची सोय आहे, मशीनऐवजी नाही. इथून हिंगोलीपर्यंत हळू जायचं, स्टिअरिंग ओढतंय का बघत, आणि पहिलं काम अलाइनमेंटचं. त्या वेळी अलाइनमेंटवाल्याला चेक नट फिरवायचाच असतो, म्हणून धाग्याला ग्रीसचं बोट लाव. निमुळत्या खुंटीला मात्र लावू नको. ती कोरडी आणि स्वच्छच बसली पाहिजे.

नवा सांधा बसवून नट आवळताना खुंटीच सोबत फिरू लागली. भाचा वैतागला. मामांनी सांध्याखाली दुसरा छोटा जॅक लावून हलका दाब दिला, खुंटी भोकात रुतली आणि नट घट्ट बसला. अशा लहान गाड्यांत हा नट ४०-४५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यावा. टॉर्कचा पाना शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडं निघाला. आकडा भरला, पण नटाची खाच आणि खुंटीचं भोक समोरासमोर येईना.

भाचा : जरा ढिला करतो, म्हणजे पिन जाईल.

मामा : अजिबात नाही! पुढची खाच येईपर्यंत आवळायचा. मागं फिरवायचा नाही. आणि पिन नवी. जुनी सरळ करून घातलीस तर मी या गाडीत बसणार नाही.

पिन गेली, दोन्ही पाय वाकवले. मामांनी हातानं ओढून पाहिली, मग मला ओढायला लावली. डेपोत एकानं केलेलं काम दुसऱ्यानं बघायचं, ही त्यांची सवय. घरी काम करणाऱ्याकडं नेमका हाच दुसरा डोळा नसतो. माझ्या लेखी मामांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. त्यांनी तो बोलून मांडला नाही, करून दाखवला.

भाचा : डावीकडचाही बदलू का? बूट तडकलाय.

मामा : सांधा घट्ट आहे, पण पावसाळा त्या बुटात निघणार नाही. बदल. बूट शाबूत असता तर नको म्हणालो असतो. जोडीनंच बदलायचं असं काही शास्त्र नाही, ती दुकानदाराची हौस.

भाचा : म्हणजे तुम्हाला पटलं, घरी करता येतं.

मामा : टायरॉड एंड करता येतो, शेजारी जाणता माणूस असेल तर. रॅक एंडला हात लावू नको, त्याला वेगळं हत्यार लागतं आणि रॅकच्या दांड्यावर ओरखडा आला तर पूर्ण रॅक जाते. लोअर आर्मचा बॉल जॉइंट, स्टिअरिंगचा कॉलम, तेही नको. आणि तुझ्या बहिणीची नवी गाडी आहे ना, पॉवर स्टिअरिंगची, तिथं तर सेन्सरला सरळ म्हणजे काय ते मशीननं पुन्हा शिकवावं लागतं. ही ८०० आहे म्हणून मी गप्प बसलो.

भाचा : तुम्ही गप्प कधी बसलात?

यात मामा बरोबर की भाचा, असं मला कुणी विचारलं तर माझा कौल सरळ आहे. तपासणी प्रत्येक गाडीवाल्यानं घरी करावी, कारण ती दुसरं कुणी करणार नाही. गॅरेजात गाडी जाते तेव्हा खडखड सुरू झालेली असते, बूट फाटून मात्र बरेच दिवस लोटलेले असतात. बाहेरचा टायरॉड एंड घरी बदलायला माझी हरकत नाही, पण स्टँड, पुलर, टॉर्कचा पाना, नवी पिन आणि काम तपासणारा दुसरा माणूस, यातलं एक जरी नसेल तर काम सुरूच करू नये. कोणीही बदललेला असो, अलाइनमेंट झाल्याशिवाय गाडी लांब नेऊ नये. आणि गॅरेजात काम केलं असेल तर पैसे देण्याआधी वाकून पिन बघावी. त्यात गॅरेजवाल्याचा अपमान नाही.

आता मृग लागेल. त्याआधी पाच मिनिटं काढा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, चाकाच्या मागं टॉर्च मारा आणि दोन्हीकडचे बूट बघा. फाटलेला दिसला तर पाना काढा किंवा मिस्त्रीला फोन करा. पेरणी झाल्यावर बघू, असं म्हणू नका.